गहिनीनाथ आण्णांचं कोरडं तोंड

नांदूरघाटात लग्न भटजी लावतो, असा एक समज आहे. भटजी फक्त मंगलाष्टका म्हणतो. लग्न लागतं ते गहिनीनाथ आण्णा माइक खाली ठेवतात तेव्हा.

आणि आण्णा माइक सहजासहजी खाली ठेवत नाहीत.

पत्रिकेत मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा असतो. तो पत्रिकेत शोभून दिसावा म्हणून. बारा पस्तीसला नवरदेव अजून घोड्यावर असतो, घोड्यापुढं त्याचे मित्र नाचत असतात, मांडवातली मंडळी त्याच पत्रिकेनं वारा घेत असतात, आणि स्टेजवर आण्णा उभे असतात. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट, डोक्याला फेटा, डाव्या हातात आलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, उजव्या हातात माइक. "आत्ताच आपल्यामधी आगमन झालेलं आहे..." हे वाक्य सुरू झालं, की जाणती माणसं चपला काढून खुर्चीवर मांडी घालतात.

आमच्याकडचं लग्न म्हणजे निम्मं लग्न आणि निम्मी सभा. आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव हुद्द्यासकट पुकारावं लागतं. त्यात आजी सोपे, माजी अवघड. आज जो सरपंच आहे त्याचं नाव राहिलं तर तो हसून सोडून देतो. पंधरा वर्षांपूर्वी जो उपसरपंच होता त्याचं राहिलं तर तो जेवत नाही, आणि त्याच्यासोबत जीपभरून आलेली माणसंही जेवत नाहीत. आण्णांना सगळे माजी तोंडपाठ. कोण कुठल्या सोसायटीचा माजी चेअरमन, कोण कुठल्या गटातून निवडून आला आणि नंतर कुठल्या गटात गेला, सगळं. म्हणून पंचक्रोशीतलं लग्न ठरलं की आधी आण्णांना विचारायचे, मग आचाऱ्याला.

या सगळ्यात भटजी एका कोपऱ्यात बसलेला असे. तीस वर्षं तो आण्णांचं बोलणं संपायची वाट बघत आलेला होता. त्याच्याजवळ एकच हत्यार होतं. मंगलाष्टका एकदा सुरू झाल्या की मधे थांबवता येत नाहीत, ते अशुभ. पण सुरू करायला फट तर मिळायला हवी! आण्णांच्या बोलण्याला फट नव्हती. श्वाससुद्धा ते बहुधा हुद्दा आणि नाव यांच्या मधल्या जागेत घेत.

हा आवाज त्यांनी कमावला तो घरच्या पिठाच्या गिरणीत. गिरणी चालू असताना 'कोणाची ज्वारी, कोणाचा गहू' हे ओरडून विचारता विचारता गळा असा तयार झाला, की माइक हा नुसता रिवाज म्हणून. आता गिरणी मुलगा बजरंग बघतो आणि आण्णा लग्नं बघतात. मोबदला काय, तर एक फेटा, एक नारळ आणि मान. फेट्यांनी एक ट्रंक भरली. मानाला ट्रंक लागत नाही.

साखर आणि बीपी हे दोन पाहुणे आण्णांकडे एकाच वर्षी मुक्कामाला आले. आण्णांनी त्यांचंही स्वागत केलं. कुठंही चहा आला की भरल्या आवाजात सांगायचे, "आपला बिनसाखरंचा!" जसं काही ते एखादं पद मिळालंय. त्यांच्या मंडळी छबुबाई. त्यांनी तर घरातला साखरेचा डबाच उचलून धाकट्या दिराकडं नेऊन दिला. "तुमच्यासमोर मी गोड पिऊ, आन तुमी तोंडाकडं बगत बसाल? न्हाई जमायचं," म्हणाल्या, आणि स्वतःही फिका चहा प्यायला लागल्या. पहिल्या घोटाला त्यांचा चेहरा व्हायचा तो बघून आण्णांना भरून यायचं. पण ते काही बोलायचे नाहीत, कारण त्यांच्या डाव्या गालात खडीसाखर असायची.

आता इथं आण्णांवर अन्याय नको. त्यांच्या हिशेबी डब्यातली साखर ती साखर, आणि खडीसाखर हे गळ्याचं औषध. पुकारणाऱ्या माणसाच्या गालात खडीसाखर नसणं म्हणजे शिंप्याच्या गळ्यात टेप नसणं. ती चावायची नाही, गिळायची नाही, नुसती गालात धरायची. जे खाल्लं नाही त्यानं पथ्य कसं मोडेल?

दुसरा त्यांचा नेम गोळ्यांचा. बीपीच्या गोळ्यांत एक लघवीची होती. लग्नाच्या दिवशी ती घ्यायची नाही. पाणीही प्यायचं नाही. कारण स्टेजवरून माणूस मधेच उतरला, की परत चढेपर्यंत माइक दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो, आणि आमच्या जिल्ह्यात हातात आलेला माइक कुणी आपणहून परत दिल्याचं उदाहरण नाही. वैशाखात रोज लग्न. म्हणजे वैशाखात गोळी नाही, पाणी नाही, आणि गालात खडीसाखर आहे. आण्णा याला शिस्त म्हणत.

या शिस्तीचं फळ एका लग्नात कर्ण्यावरून ऐकू आलं.

आण्णा बोलायला लागले आणि प्रत्येक शब्दामागं आवाज यायला लागला. चट्. चट्. जशी कोंबडी पत्र्यावर ज्वारी टिपतेय. "आत्ताच, चट्, आपल्यामधी, चट्..." मंडपवाला हनुमान धावला. त्यानं वायर हलवून बघितली. मग वायर बदलली. मग माइक बदलला. मग गाडीतून ठेवणीतला बिनवायरचा माइक काढून दिला. चट् चट् काही हटेना. शेवटी हनुमान स्टेजवर चढला, आण्णांच्या तोंडाजवळ कान नेला, आणि शोध लागल्याच्या आनंदात म्हणाला, "आण्णा, माइकला कायबी झालेलं न्हाई! आवाज तुमच्या तोंडातून येयलाय!"

माइक चालू होता. ही बातमी चारी कर्ण्यांवरून गावभर गेली.

दुसऱ्या दिवशी आसारामच्या हॉटेलात आण्णांनी पाऊल टाकलं, आणि चहाच्या आधी उपचार सुरू झाले.

"उष्णता हाय आण्णा. सब्जा भिजवून प्या."

"आरं कशाची उष्णता! लवंग धरा दाताखाली."

"इलायची बरी."

"मी म्हंतो नजर लागली. इतकं बोलल्यावर लागणारच की बे!"

आण्णांनी सगळ्यांचं ऐकलं, म्हणजे सगळ्यांचं केलं. डाव्या गालात खडीसाखर, उजव्या गालात इलायची, खाली लवंग. बोलायला जीभ वळवायची तर तिला आत जागाच उरली नाही. पण पाणी पी, असं साधं कुणी म्हणालं नाही. पाणी हा काय उपाय झाला? ते तर जनावरंही पितात.

मग घरी भांडणं लागली. भाकरीचा घास घशाखाली उतरेना, कालवणात बुडवून ढकलावा लागे. तोंडाला चव लागेना.

"आमटी आळनी हाय."

"आळनी न्हाई. माप तेच हाय."

"मी काय खोटं बोलायलोय?"

"तुमची जीभ खोटं बोलायली. आन मीठ वरून घ्यायचं न्हाई. बीपीच्या डाक्टरनं सांगितलंय."

आण्णा वरून मीठ घ्यायचेच. छबुबाईंनी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. आण्णा स्टूल घेऊन चढले. या वयात स्टुलावरून पडाल म्हणून छबुबाईंनी बरणी खाली ठेवली, पण स्वतःच्या मांडीशी.

त्यातच खालचा पुढचा दात हलायला लागला. हलणाऱ्या दाताला जीभ लावू नये असं ठरवलं की जीभ दिवसभर तिथंच जाते. आण्णा बसल्या बसल्या दात हलवायचे, हिरडीतून रक्त यायचं. मग छबुबाईंच्या डबीतली काळी मिश्री घेऊन वरून घासायचे, म्हणजे दात आवळून येतो. दात काही आवळला नाही. उलट शेजारचा दातही हलायला लागला.

आणि याच वेळी त्रिंबकच्या सायलीचं लग्न ठरलं.

त्रिंबक हा आण्णांचा धाकटा भाऊ. सायली बारशात पाळण्यात होती, तेव्हाच आण्णांनी माइकवरून जाहीर केलं होतं, की हिच्या लग्नात असा पुकारा होईल की तालुका नाव काढील. सायली मोठी झाली, नर्सिंगचं शिकली, चकलांब्याचं स्थळ आलं, पोरगा बँकेत. आण्णांनी कोण कोण येणार त्यांची नावं मनात घोळवायलाही सुरुवात केली. आणि एका संध्याकाळी त्रिंबक येऊन ओट्यावर बसला. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"बोल बे," आण्णा म्हणाले.

"आण्णा, सायलीच्या लग्नात तुमी पाव्हण्यांत बसावं म्हंतो. फेटा बांधून. मानानं."

"आन पुकारा?"

"बीडचा रामेश्वर हाय ना. कोट घालून येतो. शेरोशायरी करतो."

"कावून?"

त्रिंबकनं आणखी थोडी माती उकरली. मग एकदाचं बोलला, "चकलांब्याची मानसं मोठी हायत आण्णा. लई पुढारी येणार. तुमच्या तोंडातून तसा आवाज आला, एखादं नाव अडकलं, तर पोरीला तिकडं आयुष्यभर ऐकावं लागंल."

त्रिंबक गेल्यावर आण्णा गिरणीत जाऊन बसले. गिरणी चालू होती, त्यामुळं ते काय बोलले ते बजरंगलाही ऐकू आलं नाही. बहुतेक बरंच बोलले असावेत.

सकाळी त्यांनी निर्णय सांगितला. बीडला जायचं, हलणारे दात उपटून टाकायचे, विषय संपवायचा. पौष महिना, लग्नं नव्हती. "मी बी येती," छबुबाई म्हणाल्या. "तू कशाला?" "तुमी तिथं खोटं बोलाल म्हणून."

बीडच्या स्टँडजवळ दातांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्याच भागातल्या. आण्णा खुर्चीत बसले. खुर्ची मागं झुकली तसे ते दचकले. त्यांना स्टेजची सवय. आडवं होऊन बोलायची नाही.

"काका, शुगर किती असते?"

"दात हालतोय."

"हो, बघू या. शुगर किती?"

"ह्यो खालचा. आन त्याच्या बाजूचा."

"काका, मी शुगर विचारतेय."

"म्याडम," आण्णा उठून बसले, "मी दात घेऊन आलोय आन तुमी शुगर मागायलात. मी गिरणीवाला हाय. आमच्याकडं गहू आनला तर आमी गहूच दळतो. तुमची ज्वारी कुठंय म्हणून इचारत न्हाई."

"शुगर बी हाय, बीपी बी हाय," छबुबाई कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाल्या. "गोळी लग्नाच्या दिवशी घेत न्हाईत. पानी बी पीत न्हाईत."

"तुला कुनी इचारलं?"

"म्याडमनं इचारलं. तुमी सांगंना म्हणून मी सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी आण्णांना तोंड उघडायला लावलं आणि छोटा गोल आरसा आत घातला. आरसा उजव्या गालाला चिकटला. त्यांनी तो हळूच सोडवला. तो पुन्हा चिकटला.

"बघा काका. तोंडात लाळच नाही. ओल्या तोंडात आरसा असा चिकटत नाही." मग त्यांनी आरसा डाव्या गालाकडं नेला आणि थांबल्या. चिमट्यानं आतून काहीतरी बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं. ते लखलखलं.

"हे काय आहे?"

आण्णांनी डोळे मिटले.

छबुबाई स्टुलावरून उठल्या. चिमट्याजवळ आल्या. वाकून बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही, हे फार वाईट चिन्ह होतं.

"खडीसाखर."

"गळ्याचं औषध हाय ते," आण्णा म्हणाले.

"मी फिका च्या पेती," छबुबाई सावकाश म्हणाल्या. "किती वर्सं झाली. जावंच्या घरी गेली तरी फिका. माहेरी गेली तरी फिका. आई मरायच्या आधी म्हनली होती, पोरी, माज्या हातचा एक गोड च्या पे. मी म्हनलं, न्हाई, घरी मालक फिका पेतेत. आन हितं मालकाच्या गालात कारखाना चालू."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरण्यासाठी मास्क वर केला, पण तो आधीच वर होता.

मग त्यांनी समजावलं, आणि आण्णांना नाही, छबुबाईंना उद्देशून समजावलं. ते शहाणपणाचं होतं. "मावशी, लाळ म्हणजे तोंडातली झाडलोट आणि सडा-सारवण. दिवसभर चालू असतं. अडकलेलं अन्न धुऊन नेते, आंबटपणा मारते, घास ओला करते, चव जिभेपर्यंत पोचवते. कुणाचं तिच्याकडं लक्ष नसतं. एक दिवस आली नाही की कळतं."

"म्हंजी माज्यासारखी," छबुबाई म्हणाल्या.

"साखर वाढली की लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं, लाळ आटते. जी थोडी उरते तिच्यातही साखर जास्त. वरून हे खडे. किडीला अशी पंगत मिळाल्यावर ती उठेल का? म्हणून काकांच्या दातांना हिरडीच्या कडेला कीड आहे, जिभेवर पांढरं आहे, हिरड्या सुजल्यात. त्यात पू आहे. हिरडीत असा पू असला की साखर खाली यायला त्रास देते. आणि साखर खाली आली नाही की हिरडी बरी होत नाही."

"दोन भावांच्या बांधाच्या भांडनासारखं," आण्णांनी मान्य केलं. "मंग आधी गप कोन बसनार?"

"दोघांना एकदम गप्प करायचं. आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. म्हणून काय, मनानं गोळी बंद करायची नाही! ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना सांगायचं. बदलायची की नाही ते ते बघतील."

त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. पट्टा सुटल्यावर आकडा कागदावर लिहिला. मग डोकं हलवलं.

"आज दात काढता येणार नाही."

"एवढ्या लांबून आलो!"

"एवढ्या बीपीवर काढला तर रक्त थांबायला त्रास, आणि अशा साखरेवर जखम भरायला त्रास. आधी ते खाली आणा. मग हिरड्या साफ करू. वाचतील ते दात वाचवू. मिश्री बंद." हे म्हणताना त्यांनी छबुबाईंकडंही बघितलं. छबुबाईंनी कमरेची डबी पदराखाली सरकवली. त्या घरातलं त्या दिवशी निर्दोष कुणीच सुटलं नाही.

पुढचे दोन महिने आण्णांचे वैतागात गेले. दाताची डॉक्टर म्हणे रक्त तपासा. रक्त तपासणारा म्हणे शुगरच्या डॉक्टरांना दाखवा. शुगरचे डॉक्टर म्हणे बीपीची गोळी कोणती ती आणा. ती आणली तर म्हणे दातवाल्या म्याडम काय म्हणाल्या? "तोंड माझं एकट्याचं, आन मालक इतके!" आण्णा एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे. अनोळखी माणूस लगेच सब्जा सुचवायचा.

पण फरक पडायला लागला, आणि त्यानं आण्णांचा वैताग आणखी वाढला, कारण छबुबाईंचं खरं ठरत होतं. गोळी बदलली. रोज घ्यायची ठरली. साखर उतरली. हिरड्या साफ झाल्या, रक्त थांबलं. हलणाऱ्या दोनांपैकी एक गेला, दुसरा घट्ट झाला. एके दिवशी जेवताना आण्णा म्हणाले, "आमटीत मीठ जास्त झालंय." छबुबाईंनी घास खाली ठेवून देवाकडं बघितलं. माप तेच होतं.

आणि छबुबाईंनी बीडहून आल्या दिवसापासून एक नवी गोष्ट सुरू केली होती. साखरेचा डबा परत आणला होता. दोन कप चहा करायच्या. एक फिका आण्णांपुढं ठेवायच्या. दुसरा भरपूर साखर घालून आण्णांच्या समोर बसून प्यायच्या. आवाज करत.

"तोंड सुधारलंय," डॉक्टरीणबाई शेवटच्या फेरीला म्हणाल्या. "पण पहिल्यासारखी लाळ लगेच येणार नाही. बोलताना मधे मधे थांबायचं. घोटभर पाणी प्यायचं. मग पुढं."

"म्याडम, पुकारणारा थांबत नसतो."

"मग दात थांबणार नाहीत."

त्रिंबकला कसं पटवलं, ते आण्णांनी कुणाला सांगितलं नाही. छबुबाईंनी जाऊबाईंना सांगितलं आणि जाऊबाईंनी त्रिंबकला, एवढं आम्हाला माहीत आहे. तह असा झाला: माइक आण्णांकडं. रामेश्वर मात्र पहिल्या रांगेत कोट घालून तयार बसेल. एकदा जरी चट् झालं, तर माइक त्याच्याकडं.

लग्नाच्या दिवशी मांडव फाट्यापर्यंत गेला होता. चकलांब्याची मंडळी आली ती खरंच मोठी होती. गाड्या लागायला वावर कमी पडलं. स्टेजवर आण्णा उभे राहिले, इस्त्री, फेटा, चिठ्ठ्या, आणि शेजारच्या टेबलावर एक नवी गोष्ट: पितळी तांब्या आणि फुलपात्र. पहिल्या रांगेत एका टोकाला रामेश्वर गुडघ्यावर बोटं वाजवत होता. दुसऱ्या टोकाला छबुबाई बसल्या होत्या आणि त्यांची नजर नवरीवर नव्हती, नवऱ्याच्या डाव्या गालावर होती. स्टेजच्या मागं भटजी अंतरपाट मांडीवर घेऊन पेपर वाचत होता.

आण्णा सुरू झाले. आणि काय सुरू झाले! आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाऊन परत आला. आजी आले, माजी आले, एक असा माजी आला जो स्वतःच आपलं पद विसरला होता, त्याला आण्णांनी आठवण करून दिली आणि त्याचे डोळे ओले झाले. त्रिंबक कोपऱ्यात कडेला उभा होता, त्याचे खांदे सैल झाले. मुहूर्ताची वेळ होत आली. नवरदेव बोहल्यावर आला, सायली आली, दोघं समोरासमोर उभी राहिली. चिठ्ठ्या अजून निम्म्या बाकी होत्या, आणि फाट्यावरून हॉर्न ऐकू येत होते म्हणजे आणखी येणार होत्या.

आणि जीभ टाळूला चिकटायला लागली.

आण्णांना ते आधी कळलं. ओठांच्या कडा ओढल्या गेल्या. त्यांनी जीभ फिरवली. पुढच्या नावाला पहिलं बारीक चट् झालं. हनुमाननं सवयीनं वायरीला हात घातला. रामेश्वरनं कोटाचं बटण लावलं आणि तो खुर्चीवरून अर्धा उठला. त्रिंबकचे खांदे परत वर गेले. आण्णांचा हात खिशाकडं गेला, खिशात काही नव्हतं, छबुबाईंनी सकाळीच खिसे तपासले होते. त्यांनी पहिल्या रांगेकडं बघितलं. छबुबाईंनी अंगठा ओठाला लावून दाखवला: प्या.

तीस वर्षांत पहिल्यांदा, वाक्याच्या मधे, गहिनीनाथ आण्णांनी माइक टेबलावर ठेवला.

फुलपात्र भरलं. तोंडाला लावलं. मांडवात अशी शांतता झाली, की लोकांनी खाजगी बोलणी थांबवून वर बघितलं. काय झालं?

भटजीनं पेपर टाकला. त्या माणसाचं वय बघता त्यानं अंतरपाट कसा उलगडला, टेबलावरचा माइक कधी उचलला, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. पण आण्णांच्या तोंडात पाण्याचा घोट होता आणि कर्ण्यावरून पहिली मंगलाष्टका निघाली होती.

आण्णांनी हात वर केला. थांबा म्हणायचं होतं. तोंडात पाणी. पाणी गिळावं तर घोट मोठा. गिळेपर्यंत दुसरी सुरू झाली. आता थांबवणं अशुभ. त्यातही सख्ख्या भावाची पोर, स्वतःची पुतणी. अक्षता उडायला लागल्या. आण्णांच्या डाव्या हातातल्या चिठ्ठ्यांवरही पडल्या. बायका घड्याळ दाखवून एकमेकींना सांगायला लागल्या. नांदूरघाटात पत्रिकेतल्या मुहूर्ताला लग्न लागत होतं.

"सावधान!" झालं, वाजंत्री झाली, आणि लोक जेवणाकडं असे उठले की खुर्च्या पडल्या. आण्णांनी माइक परत घेतला, घसा ओला होता, आवाज खणखणीत होता, आणि त्यांनी राहिलेली सगळी नावं एकही न सोडता पुकारली. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि रामेश्वर होता. तोही थोड्या वेळानं जेवायला गेला.

उशिरा पोचलेल्या एका मोठ्या पुढाऱ्याजवळ आण्णा हात जोडून गेले. "साहेब, माफी करा, तुमचं नाव लग्न लागल्यावर पुकारावं लागलं."

"लागलं का लग्न?" साहेबांचा चेहरा उजळला. "लई झ्याक केलं आण्णा. मला अजून चार मांडव करायचेत." आणि न जेवता, न रुसता, ते निघूनही गेले.

हे आण्णांना सगळ्यात जास्त लागलं. तीस वर्षं ज्यांच्यासाठी पुकारा केला, त्यांनाही घाईच होती.

त्रिंबक आला, गळ्यात पडला. "आण्णा, चकलांब्याचे म्हंतेत, असं टायमात लग्न आमी बघितलं न्हाई!" सायली पाया पडायला आली. "आण्णा, आमची मैत्रीण बोहल्यावर चक्कर येऊन पडली होती, तुमी बोलत होता तेव्हा. मी आज टाइमात जेवले." हे तिनं प्रेमानं म्हटलं, म्हणून आण्णांना रागावताही आलं नाही. आचारी आला आणि म्हणाला, पहिल्यांदा भात गरम वाढला. ज्याला त्याला आनंद. आणि आनंद कशाचा, तर आण्णा गप्प बसल्याचा!

घरी आल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. छबुबाईंनी फिका चहा पुढं ठेवला, आपला गोड घेऊन समोर बसल्या.

"मी आयुष्यभर बोललो," आण्णा म्हणाले, "कुनी शाबास म्हनलं न्हाई. एक घोट पानी पेलो, तर गाव पाया पडायलंय."

"मंग पीत जावा की."

तेवढ्यात फोन वाजला. चकलांब्याचाच एक गृहस्थ. आवाजात मध.

"आण्णा, आमच्या आरोहीचं लग्न हाय. पुकारायला तुमीच पायजे. दुसरं कुनी न्हाई."

आण्णा ताठ बसले. छबुबाईंकडं एक नजर टाकली. बघ म्हणावं.

"फकस्त एक करा," गृहस्थ म्हणाले. "ते पानी मुहूर्ताला प्या. बरुबर मुहूर्ताला. आमी भटजीला सांगून ठिवतो."

"आवो, तुमी मला बोलायला बोलवायलात का गप बसायला?"

"दोन्हीला आण्णा! दोन्हीला!"

आण्णांना यावर बरंच बोलायचं होतं. लग्नाचं शास्त्र, माजींचा मान, पुकाऱ्याची परंपरा, सगळं जिभेवर आलं, आणि तिथंच चिकटलं. त्यांनी फोन कानाला तसाच धरून तांब्याकडं हात नेला आणि एक घोट घेतला.

तेवढ्या वेळात पलीकडच्यानं तारीख सांगितली, मुहूर्त सांगितला, फेट्याचा रंग विचारला, बरं ठेवतो म्हणाला, आणि फोन ठेवला.